‘मन उघडा’ म्हणतात, पण उघडायचं कसं?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न थोडक्यात असा. लहानपणापासून तुम्ही ख्रिस्ती मंडळीत आहात. वीस वर्षं संडे स्कूल घेता, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करता, रोज शास्त्र वाचता. देव प्रीती आहे हे मुलांना शिकवताना कधी अडखळला नाहीत. पण मागच्या रिट्रीटमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिरात, ‘देवाच्या प्रेमासाठी मन उघडा’ असं सांगितलं गेलं तेव्हा शेजारच्या बायका रडत होत्या आणि तुम्ही कोरड्या ठाक, अधूनमधून घड्याळ बघत बसला होतात. घरी आल्यावर वाटलं, ‘माझ्यातच काही कमी आहे का? आणि मन उघडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी का सांगत नाही?’

मी पंचवीसेक वर्षं लोकांच्या प्रार्थनाजीवनात सोबत करायचं काम करते. हा प्रश्न मी पाळकांच्या तोंडूनही ऐकलाय, फक्त ते दार लावून घेऊन विचारतात. रडू न येण्याची काळजी आधी बाजूला ठेवा. जमावात रडू येणं हे संगीतावर, थकव्यावर, शेजारी कोण हुंदके देतंय यावरही अवलंबून असतं. काही वेळा ते खरोखर आत्म्याचं काम असतं, काही वेळा नसतं, आणि बाहेरून कुणालाच फरक कळत नाही.

‘हृदय’ म्हटलं की आपल्याला भावना आठवतात. इब्री (हिब्रू) भाषेतला ‘लेव’ हा शब्द बराच मोठा आहे. विचार, निश्चय, आठवण, सगळं त्यात येतं. शलमोन राजाने देवाकडे मागितलं ते ‘ऐकणारं हृदय’, आणि ते कशासाठी, तर लोकांचा न्याय करताना बरंवाईट कळावं म्हणून. म्हणजे डोळे भरून आले नाहीत म्हणून हृदय बंद, असा हिशोब शास्त्रात नाही. सासऱ्यांची कूस बदलताना रात्री दोन वाजता न चिडता उठणं हेही हृदयच आहे.

तरीही तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. काहीतरी बंद आहे असं तुम्हाला वाटतंय, आणि पत्र वाचून मलाही तसं वाटलं. फक्त ते तुम्ही समजता तिथे नसावं.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १६. फिलिप्पै गावाबाहेर नदीकाठी काही बायका प्रार्थनेला जमल्या होत्या. त्यांत थुवतीराची लुदिया होती, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. प्रेषित पौल बोलत होता, ती ऐकत होती, आणि पुस्तकाचा लेखक लूक लिहितो की प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. क्रियापद कुणाचं आहे बघा. लुदियाने नदीपर्यंत चालत जायचं, बसायचं आणि ऐकायचं, एवढंच केलं. ज्यांना वर्षानुवर्षं ‘तू मन उघडत नाहीस’ असं ऐकवलं गेलंय, त्यांना मी नेहमी आधी हे वाचायला देते. पौल रोमकरांस लिहितानाही हेच म्हणतो, की देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतली गेली आहे. ‘ओतली जाईल, जर तुम्ही…’ असं तिथे नाही.

यावर लगेच कुणीतरी बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, तिसरा अध्याय काढतं: येशू दाराशी उभा राहून ठोठावतोय, दार तर आतूनच उघडायला हवं ना? हवं. पण ते वचन कुणाला लिहिलंय? विश्वास न ठेवणाऱ्यांना नव्हे, लावदिकीयाच्या मंडळीला. आणि त्या मंडळीचं म्हणणं तीन ओळी आधी आलेलं आहे: मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही. दार लोटून धरलंय ते या वाक्याने. ज्याला काहीच लागत नाही, त्याला देणार काय?

तुमच्या पत्रात तुम्ही कुणाकुणासाठी काय करता याची यादी आहे. तुमच्यासाठी कुणी काय करतं, याचा एक शब्दही नाही. आणि शेवटून दुसरं वाक्य असं आहे: ‘कदाचित मी सेवा अजून थोडी वाढवायला हवी.’

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात ते आहे. वाट्याची मालमत्ता दूर देशी उधळून कंगाल झालेला धाकटा मुलगा डुकरांत बसून बापासाठी भाषण तयार करतो. त्यात तीन गोष्टी आहेत: मी पाप केलं, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोहोचल्यावर तो भाषण सुरू करतो. पहिली गोष्ट बोलतो, दुसरी बोलतो, आणि तिसरी त्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आत बाप चाकरांना हाक मारून झगा मागवतो. लूक १५ मधली एकोणिसावी आणि एकविसावी ओळ शेजारी ठेवून वाचा. मोलकऱ्याचं वाक्य बापाने ऐकूनच घेतलेलं नाही. पाप कबूल करणं त्याने थांबवलं नाही. थांबवला तो पगाराचा करार.

आणि थोरला भाऊ? तो तर घरीच होता. तो म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. एक दूर जाऊन मोलकरी व्हायला तयार, दुसरा घरात राहून मनाने मोलकरीच. बाप दोघांसाठीही उंबरा ओलांडून बाहेर येतो. दाखला आपण धाकट्याच्या नावाने ओळखतो, पण माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक थोरले असतात. मीही आहे.

माझी प्रार्थना कितीतरी वर्षं अहवालासारखी असायची. प्रभू, आज दोन घरी भेटी दिल्या, अमक्यासाठी मध्यस्थी केली, एका ठिकाणी आवाज चढला, उद्या सुधारते, आमेन. एकदा मला मार्गदर्शन करणाऱ्या वयस्कर बाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बरं, मग तो काय म्हणाला?’ मला उत्तर देता येईना. तो काही म्हणेल एवढी जागाच मी ठेवली नव्हती. माझं बोलणं संपलं की मी आमेन म्हणून उठायची.

म्हणून पहिली गोष्ट अगदी साधी सांगते. तुमचं बोलून झालं की आमेन म्हणायच्या आधी दोन मिनिटं थांबा. या दोन मिनिटांत काही ऐकू यायलाच हवं असं नाही, बहुतेक वेळा येतही नाही. मनात कपड्यांचा ढीग येईल, औषधाची वेळ येईल. येऊ द्या. रिकामं बसणं जड गेलं तर एकच वचन धरा. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशातून झालेली वाणी मी बहुतेकांना देते: तू माझा परमप्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्काच्या शुभवर्तमानात हे पहिल्याच अध्यायात येतं. तोवर येशूने एकही आजारी बरा केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. काम सुरू व्हायच्या आधीच बाप संतुष्ट आहे. ख्रिस्तात असणाऱ्याला ही वाणी स्वतःसाठी ऐकायची मुभा आहे. तुमच्या नावासकट ऐका. मधेच ‘हो, पण…’ असा आवाज येईल. तो आला की समजा, तुमचं मोलकऱ्याचं वाक्य सापडलं. त्याच्याशी भांडू नका. ‘हे बघ, आलं पुन्हा’ एवढंच प्रभूला दाखवा.

दुसरी गोष्ट मात्र प्रार्थनेच्या खोलीत होत नाही, आणि तुम्हाला तीच सगळ्यांत कठीण जाईल. घेणं शिका. माणसांकडून घेता येत नसेल तर देवाकडून घेता येतं, हे मी आजवर पाहिलेलं नाही. शेवटच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्र या शिष्याने साफ नकार दिला. वरवर बघता ती नम्रता. येशूने ती मान्य केली नाही. मी तुला धुतलं नाही, तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, इतकं कडक उत्तर दिलं. ऋणात राहायची तयारी नसली की आपण नम्रतेचा आधार घेतो, असं माझं स्वतःकडे पाहून झालेलं मत आहे.

तर मंडळीतल्या एखाद्या बहिणीला सांगा, ‘शनिवारी दोन तास बाबांजवळ बसाल का?’ त्या दोन तासांत संडे स्कूलची तयारी करू नका, कपाटही आवरू नका. आणि त्या बहिणीने केलेल्या मदतीची परतफेड त्याच आठवड्यात करू नका. कुणी चांगलं म्हटलं तर ‘छे, कुठे काय’ न म्हणता ‘बरं वाटलं’ म्हणा आणि गप्प बसा. हसू येईल, अवघडल्यासारखं होईल. ते अवघडलेपण म्हणजेच दाराची बिजागरी हलतेय. याला मी साधनाच म्हणते, उपवासाइतकी गंभीर.

संध्याकाळसाठी संत इग्नाशियस लोयोला यांची दिवसाकडे मागे वळून पाहायची रीत आहे. हा मूळचा लढवय्या माणूस. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या आपल्या मनात काय येतं आणि ते मागे काय ठेवून जातं, हे तो बारकाईने पाहू लागला. त्याच्या साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातल्या आत्मपरीक्षणाचा क्रम लोक विसरतात. पहिली पायरी पापांची नाही, आभारांची आहे. मग प्रकाश मागायचा, मग दिवस पाहायचा, मग चुकल्याचं दुःख, मग उद्याचा विचार. उलट क्रमाने केलं की अहवाल तयार होतो आणि मोलकरी पुन्हा कामावर हजर.

मी तुमच्यासाठी ते आणखी लहान करते. दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आज कोणत्या क्षणी मला काहीतरी मिळालं आणि मी ते न बघता पुढे गेले? आणि कोणत्या क्षणी मी आतून आवळले गेले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा शरीर देतं: दात दाबले गेले, आवाज धारदार झाला, फोनवरचं नाव बघून पोटात गोळा आला. तिथे दोष शोधायला जाऊ नका. तो क्षण देवासमोर तसाच ठेवा आणि विचारा, ‘इथे मी कशाला घाबरले?’ योहानाने लिहिलंय, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. भीती कुठे आहे हेच माहीत नसेल, तर घालवून द्यायची काय?

दिवसभराचं म्हणाल तर पॅरिसमधल्या कार्मेलाइट या संन्यासी संघाच्या मठातले ब्रदर लॉरेन्स आठवतात. सतराव्या शतकातला, पायाने अधू, स्वयंपाकघरात लावलेला साधा ब्रदर, आणि ते काम त्याला मुळात आवडायचं नाही. भांड्यांच्या आवाजात देवाशी बोलायची सवय त्याने लावून घेतली. त्याचं नाव घेताना लोक हे सांगत नाहीत की सुरुवातीची जवळजवळ दहा वर्षं त्याला आत फार त्रास झाला, असं त्यानेच पत्रात कळवलंय. तेव्हा महिनाभरात काही ‘झालं’ नाही म्हणून सोडून देऊ नका.

इथे दोन गोष्टी सावधपणे सांगते. ‘पिता’ या शब्दाने कुणाकुणाच्या अंगावर काटा येतो, कारण घरचा बाप तसा होता. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, पण असेल तर त्या शब्दाची जबरदस्ती स्वतःवर करू नका. यशया ४९ मध्ये देव आपल्या लेकराला न विसरणाऱ्या आईचं चित्र देतो. होशेय ११ मध्ये तो मुलाला धरून चालायला शिकवतो. तिथून सुरुवात करा, शब्दाची जखम सावकाश भरते. आणि कुणी आपल्याला इजा करत असेल तर मन उघडणं म्हणजे त्या माणसाला दार उघडणं नव्हे. या दोन्हींची गल्लत करणारा उपदेश मी ऐकलाय आणि त्याने झालेलं नुकसानही पाहिलंय.

दुसरी गोष्ट. देवाचं प्रेम जाणवत नाही, एवढंच आहे, की काहीच जाणवत नाही? मुलांचं हसणं, आवडतं गाणं, सकाळचं ऊन, सगळंच सपाट झालंय, झोप आणि भूक बिघडलीय, असं काही आठवडे चाललं असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. हा विश्वासाचा कमीपणा नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. खायला दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. देवाची मंद वाणी नंतर, होरेब डोंगरावर.

आणि कधी कधी सगळं नीट असूनही कोरडेपणा राहतो. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा कळलं की त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं आतल्या अंधारात काढली. त्या काळातही त्यांचं प्रार्थनेला बसणं थांबलं नव्हतं. तुमचं तसंच आहे असं मी म्हणत नाही, आणि कुणी घाईने तसं म्हटलं तर विश्वास ठेवू नका. कोरडेपणा पवित्र आहे असं ठरवून टाकण्याआधी घरात बंद खोली आहे का, ते बघावं.

आता त्या खोलीबद्दल. तुमच्या पत्रात मधेच अर्धी ओळ आहे: ‘दोन वर्षांपूर्वी भाऊ गेला, त्यानंतर संडे स्कूलचे दोन्ही वर्ग मीच घेते.’ बस. भावाला अर्धी ओळ, स्वल्पविराम, आणि पुढे लगेच काम.

तरुणपणी अशाच एका बाईला मी ‘सर्व परिस्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन दिलं होतं. तिने वही काढून ते लिहून घेतलं, आभार मानले, आणि पुन्हा कधी आली नाही. वचन खरं होतं. मी ते झाकणासारखं वापरलं. आजही ती वही आठवते.

म्हणून तुम्हाला आभार मानायला सांगत नाही. योहान ११ वाचा, पण नेहमीसारखं शेवटच्या चमत्काराकडे, मेलेला लाजर जिवंत होतो तिकडे, धावत जाऊ नका. पाचव्या ओळीत लिहिलंय की मार्था, तिची बहीण आणि त्यांचा भाऊ लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती. आणि सहाव्या ओळीत, लाजर आजारी आहे हे ऐकल्यावर तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवायला योहानाला धीर लागला असेल. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते. मार्था, तीच मार्था जिची ओळख लूकने कामाच्या धांदलीतली बाई म्हणून करून दिली होती, घरात पाहुणे सोडून त्याला गाठायला गावाबाहेर आली आणि तोंडावर म्हणाली: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया आली. तिनेही तेच वाक्य म्हटलं. दोघी बहिणी चार दिवस घरात हेच एकमेकींशी बोलत असणार.

येशू रागावला नाही, त्याने खुलासाही दिला नाही. मार्थेशी तो बोलत राहिला, ‘पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे’ हे मोठं वाक्य तिलाच मिळालं. मरीयेपुढे तो रडला. एकच तक्रार, आणि ज्या बहिणीला जे हवं होतं ते.

‘देवाला माहीतच आहे, मग सांगायचं कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं, तरी येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं म्हणून तुझी इच्छा आहे? त्याला ते त्याच्या तोंडून हवं होतं. स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोनच ओळींत ‘कोठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही न जोडता. ही दोन्ही स्तोत्रं उपासनेच्या पुस्तकात आहेत, कुणी ती काढून टाकली नाहीत.

त्या दोन तासांच्या शनिवारी हा अध्याय घेऊन बसा. संपूर्ण पत्रात तुम्ही भावाचं नाव लिहिलेलं नाही. देवाशी बोलताना नाव घ्या. तो कसा हसायचा, शेवटचं काय बोलणं झालं, काय बोलायचं राहिलं, तुम्ही कशासाठी प्रार्थना केली होती आणि काय झालं, ते सगळं. मार्थेचं वाक्य तुमचं असेल तर जसंच्या तसं म्हणा, त्याला ‘तरीपण तुझी इच्छा पूर्ण होवो’ असं शेपूट जोडायची घाई नको. रडू येईल किंवा नुसता राग येईल, किंवा खिडकीबाहेर बघत बसाल. आमेन म्हणायच्या आधी ती दोन मिनिटं ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशी संडे स्कूलचा एक वर्ग दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका.